सिस्टरच्या आवारातली पंगत

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, ह्यांचा पगारही विचारला नाही. ओट्यावर बसून त्या जुन्या पातळाची पट्टी बँडेजसारखी गुंडाळत होत्या. गुंडाळी पुरी केली, टोक आत खोचलं, चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही रोज काय काय फेकता?"

मी नाशिकहून निघताना सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आले होते. पाणी जपून वापरतो, पाहुणे फारसे येत नाहीत, रेडिओ हळू लावतो. फेकण्याबद्दल मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

"विशेष काही नाही," मी म्हणाले. "भाजीची सालं वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

इथे हे पुढे सरसावले. "आम्ही अगदी स्वच्छ माणसं आहोत हो सिस्टर."

"तीच तर भीती असते," त्या म्हणाल्या. "स्वच्छ माणसं फार फेकतात."

त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. मूळच्या जळगावकडच्या, पण उमेदीची सगळी वर्षं सिल्वासात काढलेली. लग्न केलं नव्हतं. फंडाच्या पैशातून तिथल्याच आमली भागात एक कौलारू चाळ बांधली होती. ओळीत चार खोल्या, मागे विहीर, विहिरीशेजारी भांडी घासायचा दगड, आणि भोवती कुंपण. अख्खी आमली त्यांना सिस्टर म्हणायची. आम्हीही म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव विचारायचं कधी सुचलंच नाही, जसं आईचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही.

तो ऐंशीच्या दशकाचा शेवट. सिल्वासात कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि महाराष्ट्रातून माणसं येऊन त्या छत्र्यांखाली उभी राहत होती. हेही त्यांतलेच. गलोंड्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात ह्यांना शिफ्ट इंजिनिअरची जागा मिळाली होती, अजून कायम व्हायचे होते.

"काय बनवतात तुमच्या कारखान्यात?" सिस्टरनी विचारलं.

"पॅकेजिंग," हे म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की माझ्या मनात क्षणभर आलं, ह्यांनी मला न सांगता नोकरी बदलली की काय. कारखान्यात थर्माकोलच्या पत्रावळी, वाट्या आणि द्रोण बनायचे. जेवा आणि फेका. त्या काळात ते फार आधुनिक समजलं जायचं, आणि मलाही त्याचा अभिमान होता. पण सिस्टरसमोर तो अभिमान कुठे ठेवावा ते कळेना.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "राहा."

राहायला गेल्यावर समजलं की ह्या घराला एकच नियम आहे. कुंपणाच्या आत तुम्ही काहीही आणा, पण आणायच्या आधी सांगायचं, काम झालं की हे जाणार कुठे? 'जाणार कुठे' हा प्रश्न त्या इतक्या शांतपणे विचारायच्या की राग यायला जागाच नसायची. मी एकदा शाम्पूच्या पुड्या आणल्या. तेव्हा त्या नवीनच निघाल्या होत्या, आणि त्या वापरल्या की आपण मुंबईच्या आहोत असं मला वाटायचं. सिस्टरनी एक पुडी उन्हात धरून निरखली. "छान आहे गं. आतलं तुझ्या डोक्यावर जाईल. हे वरचं कुणाच्या डोक्यावर जाणार?"

मी दुसऱ्या दिवसापासून शिकेकाई उकळायला लागले. केस काही मुंबईचे झाले नाहीत, पण गळायचे मात्र थांबले.

दवाखान्यानं त्यांना घडवलं होतं. त्या शिकल्या तेव्हा सगळं उकळून पुन्हा वापरायचे. काचेच्या सिरिंजा, सुया, रबरी हातमोजे, बँडेजसुद्धा धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवायचे. हातमोजे धुतल्यावर त्यांत फुंकर घालून भोक आहे का बघायचं, पावडर लावायची, जोड्या लावायच्या, हे त्या मला इतकं रंगवून सांगायच्या की दुसरी कुणी बाई पैठणीबद्दल सांगते आहे असं वाटावं. "माणसाच्या रक्तात जाऊन आलेली सुई उकळली की शुद्ध होते," त्या म्हणायच्या, "मग चहाच्या कपानं असं काय पाप केलंय की एकदा ओठ लागले की त्याला फेकूनच द्यावं?"

एकदा हे त्यांच्याशी वाद घालायला गेले. ह्यांना वाटलं, इंजिनिअर आहोत, मुद्दा आपल्या बाजूनं आहे. म्हणाले, "सिस्टर, आता दवाखान्यातसुद्धा डिस्पोजेबल सुया आल्यात."

"यायलाच हव्या होत्या. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे जिवाचा प्रश्न आहे, साहेब. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे फेका. तुमच्या पॅकेजिंगमध्ये कुणाचा जीव अडकलाय?"

हे घरात आले आणि उगाचच पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसले.

वापी स्टेशनवर चहावाल्यासमोर स्वतःचा पेला धरणारी बाई मी सिस्टरच्या रूपानं पहिल्यांदा पाहिली. मासळी आणायला डबा, तेल आणायला बरणी, औषध आणायला जुनीच बाटली. फाटकाच्या आत खिळ्यांना कापडी पिशव्या टांगलेल्या असत, बाजारात निघालेल्या बिऱ्हाडकरूनं त्यातली एक घ्यायची आणि परत आल्यावर तिथेच अडकवायची. दुकानदारानं दिलेली प्लास्टिकची झबला थैली त्या घडी घालून दुकानदारालाच परत द्यायच्या. "ठेवा हो, फुकट आहे," तो म्हणायचा. "फुकट आहे म्हणूनच नको," त्या म्हणायच्या. "फुकटचं कुणी सांभाळत नाही." बाजारात त्यांच्यावर हसायचे. त्यांच्याही कानावर जायचं ते. पण त्यांनी चाल बदलली नाही, आणि कुणाला उपदेशही केला नाही. हे मला अजून कळत नाही. मी एक वेळ उपास केला तरी शेजारच्या चार घरांना सांगून येते.

पण खरी थक्क झाले ती एका दुपारी. त्यांच्या खोलीत झाडायला गेले, तर खाटेखाली लोखंडी ट्रंक. झाडू अडकला म्हणून ओढली, तर झाकण उघडलं. आत वापरलेले बॅटरीचे सेल, उडालेले बल्ब, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, संपलेली रिफिलं, तुटलेली प्लास्टिकची साबणदाणी. सगळं पुसून, जुन्या पातळाच्या पट्ट्यांत गुंडाळून, ओळीनं लावलेलं.

"हे काय आहे सिस्टर?"

"ज्यांना जागा मिळाली नाही ते."

"मग टाकून का देत नाही?"

"कुठे? नाल्यात टाकलं तर दमणगंगेत जातं. जाळलं तर शेजारच्या पोरांच्या नाकात जातं. पुरलं तर माझ्याच विहिरीत उतरतं." त्यांनी ट्रंक पायानं हलकेच आत सरकवली. "मी आणलं, मी त्याच्यावर झोपते. एवढं तर करायलाच पाहिजे ना."

संत वगैरे शब्द मी जपून वापरते. आमच्या घराण्यात एक-दोघांना संत म्हटलं गेलं आणि नंतर फार महागात पडलं. पण आपला कचरा उशाशी घेऊन झोपणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या रात्री मी आमच्या घरातली प्रत्येक वस्तू उचलून मनातल्या मनात आमच्या पलंगाखाली ठेवून पाहिली. पलंग छताला टेकला.

आता आमच्याकडच्या त्या बारशाकडे वळते.

मला दिवस गेले तेव्हा ठरल्याप्रमाणे माहेरी जायचं होतं. पण नेमका आईचा पाय मोडला. नाशिकहून निरोप आला, तू येऊ नकोस, इथे मलाच उठवायला कुणीतरी लागतंय. सिस्टर म्हणाल्या, "मी काय मेले आहे का?" आणि माझं बाळंतपण त्यांनी पदरात घेतलं. मुलगी झाली. तिचे लंगोट त्यांच्या नोकरीच्या काळातल्या पांढऱ्या साड्यांचे, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले. माझी मुलगी आज मोठ्या कंपनीत आहे, पण तिनं आयुष्यात ल्यालेलं सगळ्यात भारी कापड तेच, असं मी तिला सांगते. ती विषय बदलते.

बारसं थाटात करायचं ह्यांनी ठरवलं, कारण महिनाअखेर ह्यांचा कायम होण्याचा निर्णय लागणार होता. कारखान्याच्या मालकांना, शेठना, बोलवायचंच. शेठ येतील तर त्यांच्या आईही येतील. कारखान्यातली माणसं, चाळ, शेजार, मोठी पंगत होणार. शेठ मुळात दिलदार माणूस. त्यांनी निमंत्रण ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्याचा टेम्पो आमच्या फाटकाशी उभा. ड्रायव्हरनं थर्माकोलच्या पत्रावळींचे भले मोठे खोके उतरवले. म्हणाला, "शेठ की तरफ से. बोला है, सबको इसी में खिलाना, नया मॉडल है, खाने वाला है."

'खाने वाला' म्हणजे पत्रावळीत वाट्यांचे कप्पे होते.

सिस्टर ओट्यावरून उठल्या. खोक्यावर छापलेलं कारखान्याचं नाव वाचलं. ह्यांच्याकडे पाहिलं.

"पॅकेजिंग," त्या म्हणाल्या.

हे उगाचच एक खोका सरळ करायला लागले.

"मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, साहेब. तुमच्या सदऱ्यांना वास येतो. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता."

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पंगत उठल्यावर हे सगळं जाणार कुठे? त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या आवारात बारसं करा, घर तुमचं आहे. पण ह्याचं उत्तर मिळेपर्यंत हे खोके उघडायचे नाहीत. उघडायचेच असतील तर जागा दुसरी बघा."

बारशापुरती की राहायलाच, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

रात्रभर आम्ही कुजबुजत भांडलो. हे म्हणाले, "शेठचा माल शेठसमोर वापरला नाही तर मला कायम करतील का? हाकलतील." मी म्हणाले, "आणि वापरला तर ह्या हाकलतील. ओल्या बाळंतिणीला घेऊन कुठे जाणार आहात?" हे म्हणाले, "तू त्यांची लाडकी, तू समजाव." मी म्हणाले, "तुम्ही त्यांचे लाडके, तुम्ही शेठना समजवा." बाळ मध्येच रडायचं, तेवढाच युद्धविराम.

सकाळी मी धीर करून विचारलं, "सिस्टर, मग पंगत वाढायची कशात? पत्रावळी मिळतील?"

"खेरडी गावची एक बाई पळसाच्या लावते, पण ती आता भात लावायला गुंतली असेल. तिला शेतातून ओढून आणायचं का?" केळीचीही पानं वाऱ्यापावसानं फाटून चिंध्या झाली होती. मग सिस्टरनी उठून फाटकाजवळच्या सगळ्या पिशव्या काढल्या आणि चपला घातल्या. "चल. तू नको, तू बाळंतीण. साहेब, तुम्ही चला."

पुढे काय झालं ते ह्यांच्याच तोंडून ऐकायला हवं, पण हे अजूनही नीट सांगत नाहीत. सिस्टर आमलीतल्या घराघरात गेल्या, मागे हे पिशव्या घेऊन. कुठलंही दार वाजवायचं. कुणाचं बाळंतपण केलेलं, कुणाच्या नवऱ्याचं ड्रेसिंग केलेलं, कुणाच्या पोराला पहिली सुई टोचलेली. "काय वं माय, बरी शेस ना? बारसं आहे आमच्याकडे. जेवायला यायचं, आणि आपलं ताट आधी द्यायचं." बस, एवढंच. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर स्टीलच्या ताटांचे मनोरे उभे राहिले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, तशी प्रत्येकावर नावं कोरलेली. अमक्याच्या लग्नात मामांकडून. तमकीच्या वास्तुशांतीला. स्वर्गीय अण्णांच्या स्मरणार्थ. आमच्या बारशाला अख्ख्या आमलीची लग्नं, मुंजी आणि श्राद्धं हजर झाली होती.

बारशाच्या दिवशी शेठ आले. पांढरा सफारी, हातात चांदीचा खुळखुळा. बरोबर त्यांची आई, बा. पांढऱ्या साडीतली, छोटीशी, काठी टेकत आलेली म्हातारी. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि पंगत बसली. शेठनी पंगतीवर नजर टाकली. इकडून तिकडे सगळं स्टील लखलखत होतं.

"अरे," ते ह्यांना म्हणाले, "अपना माल किधर है?"

मी बाळाला उगाचच घट्ट धरलं, ते रडायला लागलं. सिस्टर हातातला मठ्ठ्याचा तांब्या खाली ठेवून पुढे आल्या.

"माझ्या खोलीत आहे, शेठ. उघडलेला नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता उघडते. फक्त एक सांगा, जेवण झाल्यावर परत कोण नेणार?"

"परत?" शेठ हसले. "बेन, वो तो फेंक देने का. उसी के लिए तो बनाया है."

"फेकते ना. कुठे ते सांगा. तुम्ही बोट दाखवाल तिथे फेकते."

शेठनी सवयीनं हात वर केला. बोट कुंपणाकडे गेलं, पण कुंपणापलीकडे सुमन पाटीलचं घर होतं, आणि सुमन समोरच पुऱ्या वाढत होती. बोट तिकडून मागे वळलं, तर मागे विहीर. पुन्हा वळलं, तर रस्त्यावर शेठचीच गाडी उभी. ते बोट मी विसरणार नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या मालकाचं बोट हवेत फिरत होतं आणि त्याला टेकायला जागा नव्हती.

"जला दो," शेवटी ते म्हणाले. आवाज चढला होता. ह्यांचा चेहरा पीठ सांडल्यासारखा पांढरा पडला.

सिस्टर काही बोलण्याआधी पंगतीतून बा ओरडल्या. त्या केव्हाच पाटावर जाऊन बसल्या होत्या. "अरे बेस ने हवे! भूख लागी छे." आणि समोरचं ताट उचलून, डोळ्यांजवळ नेऊन, कोरलेलं नाव वाचायला लागल्या. "आ कोनी थाळी छे?"

ताट सुमनचं होतं. लग्नात तिच्या मामांनी दिलेलं. सुमनचा नवरा शेठच्याच कारखान्यात मशीनवर होता. दिवसभर पत्रावळी काढायचा आणि घरी येऊन ह्या ताटात जेवायचा. सुमन लाजून पुढे झाली, "माझी आहे, बा." बांनी तिचा हात धरला आणि शेजारी बसवलं. मग दोघींचं काय बोलणं झालं, कुणास ठाऊक. एक गुजरातीत बोलत होती, एक खानदेशीत. पण मामांचा विषय निघाला असावा, कारण दोघींनी एकदमच डोळे पुसले.

आई बसल्यावर शेठ उभे राहून करणार काय? बसले. जेवले. श्रीखंड दोनदा मागून घेतलं. पण जाताना हसले नाहीत. खोके न उघडताच त्यांच्या गाडीत गेले. ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ठीक है."

"ठीक है म्हणजे काय गं?" हे रात्री मला विचारत होते. नोकरी गेली असं धरूनच चाललो आम्ही. हे कारखान्यात जायचे, शेठ समोरून जायचे, नमस्कार घ्यायचे, कायम करण्याबद्दल अवाक्षर नाही. सिस्टरना हे कळत होतं. त्या एकदाच म्हणाल्या, "साहेब, तुमच्यावर माझ्यामुळे वेळ आली तर खोलीचं भाडं नंतर बघू." पण चुकलं असं म्हणाल्या नाहीत. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता. आणि राग आला असतानाही असं वाटत होतं, ह्या बाईएवढं सरळ आपल्याला एकदा तरी उभं राहता यायला हवं.

त्यात ताटं परत करायचं काम मी अंगावर घेतलं. नाव वाचायचं आणि घरी पोचवायचं, ह्यात काय अवघड आहे? नाशिकच्या बाईला कल्पना नव्हती की आमलीत अर्धा खानदेश आहे आणि अर्धा खानदेश पाटील आहे. चोपड्याच्या पाटलांची ताटं अमळनेरच्या पाटलांकडे गेली, अमळनेरची पारोळ्याच्या पाटलांकडे. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायकांचा मोर्चा. "हे आमच्या आत्याचं नाही." "काठ बघ ना, आमचा काठ जाड होता." "माझ्या ताटाला पोचा आहे, धाकट्यानं आपटलं होतं." मी कानकोंडी होऊन उभी. सिस्टरनी काय केलं? चहाचं आधण ठेवलं.

दुपार टळेपर्यंत बायका ओट्यावर ताटं मांडून बसल्या. एकाच गल्लीत वर्षानुवर्षं राहूनही एकमेकींचं गाव माहीत नसलेल्या बायका, आत्यांची, मामांची, कोण कुठे दिलेली आहे त्याची ओळख पटवत होत्या. ताटं जुळली. मग सुमनच म्हणाली, "सिस्टर, आता नेऊन काय करू? पुढच्या आठवड्यात कुणाकडे तरी लागतीलच. एक-एक ताट इथेच राहू दे." आणि खरंच राहिली. सिस्टरच्या पडवीत फळीवर ताटांची रास लागली. कुणाकडे साखरपुडा असो, कुणाकडे तेरावं, यायचं, न्यायचं, घासून आणायचं. आमलीतल्या आमच्या बाजूला थर्माकोलचा माल खपेना. हे कारखान्यात कुणाला सांगत नव्हते, पण विक्रीवाल्या माणसानं एकदा ह्यांनाच विचारलं, आमली में क्या हुआ है? हे म्हणाले, "पता नहीं."

श्रावणात बांनी सत्यनारायणाची कथा घातली आणि मुलाला सांगितलं, पेलीवाळी थाळी लाव. त्या दिवशीची ताटं आण. शेठनी म्हणे फार समजावलं. घरात पाहिजे तेवढी पत्रावळ आहे, कारखानाच आपला आहे. बा म्हणाल्या, मला सुमनच्या ताटात जेवायचंय.

शेठ स्वतः आले. ड्रायव्हर पाठवला होता आधी, पण सिस्टरनी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. "ज्याच्या घरी कथा, त्यानं यायचं. न्यायचं त्यानं, आणायचंही त्यानंच. पाटलांच्या घरचा कुणी आला तरी हाच नियम." शेठ आले, गाडीच्या डिकीत ताटं भरली, खडखडाट करत गेले.

आणि दोन-तीन दिवसांनी परत आले.

रविवार होता, हे घरात होते. डिकीतून पिशव्या उतरवून शेठनी ओट्यावर ठेवल्या. कपाळावर घाम. सिस्टर एकेक ताट काढून उजेडाकडे धरत होत्या, जसं दवाखान्यात हातमोजे धरत असतील. अर्ध्याच्या वर झाल्यावर एका ताटावर थांबल्या. काठावर हळदीचा पिवळा पट्टा होता. त्यांनी ते ताट बाजूला काढलं. दगडाजवळची राख आणि नारळाचा काथ्या शेठच्या दिशेनं पुढे केला.

"शेठ, हे राहिलंय."

हे न्हाणीघराच्या दाराआड गेले. नंतर मला म्हणाले, मालकाला भांडी घासताना बघितलेला माणूस कुठेच कायम होत नसतो.

शेठ ताटाकडे बघत राहिले. रागावतील, गाडीत बसतील, निघून जातील, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जाऊन आलं. सिस्टरनी हात खाली घेतला नाही. मग शेठनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. सफारीच्या बाह्या दुमडल्या आणि दगडाशी उकिडवे बसले. हातात काथ्या कसा धरायचा ते त्यांना माहीत होतं. लहानपणी बांनी शिकवलं असेल. त्यांनी राख घेतली आणि गोल गोल घासायला लागले.

घासून झालं. आता पाणी हवं होतं, आणि दोन्ही हात राखेनं भरलेले. त्यांनी मान न वळवता हाक मारली, "अरे इंजिनिअर! छुपा क्या है? पानी डाल."

हे दाराआडून आले. बादलीतून तांब्या भरला आणि धार धरली. निम्मं पाणी शेठच्या बुटांवर. शेठ ताट फिरवत म्हणाले, "कल ऑफिस में आ के लेटर ले जाना. टाइप हो के पड़ा है, मैं साइन करना भूल गया था."

ह्यांच्या हातातला तांब्या तिथेच थांबला.

"पत्राचं उद्या," सिस्टर म्हणाल्या. "आधी पाणी घाला साहेब, काठाला अजून राख आहे."